स्मार्ट प्लग आणि पायथॉन : घरातील बटणाचा ताबा कोणाकडे?

भिंतीवरील साध्या सॉकेटमध्ये बसवून मोबाइलवरून चालू-बंद करता येणारा ‘स्मार्ट प्लग’ पायथॉन या संगणकभाषेतूनही चालवता येतो. त्याला जोडलेले उपकरण किती वीज घेते, याची नोंदही याच मार्गाने ठेवता येते. मात्र आज्ञा घरातल्या घरात प्लगपर्यंत पोहोचते की उत्पादक कंपनीच्या सर्व्हरमार्गे फिरून येते, यावर बटणाचा खरा ताबा कोणाकडे आहे हे ठरते.

रचना आणि मापन

प्लगमध्ये वाय-फायची चिप आणि वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा रिले असतो. काही प्लगमध्ये मापनाची चिपही असते. ती व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि एकूण वापर मोजते. मापनाची सोय नसलेल्या प्लगमधून कोणताही प्रोग्रॅम हे आकडे मिळवू शकत नाही.

टीपी-लिंकचे उदाहरण

टीपी-लिंक कंपनीच्या एचएस११० या प्लगची रचना सॉफ्टशेक या जर्मन सुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये उलगडून दाखवली. हा प्लग घरच्या वाय-फायवर ९९९९ क्रमांकाच्या पोर्टवर आज्ञा स्वीकारत असे. आज्ञेचा मजकूर जेसन या साध्या स्वरूपात असे आणि तो १७१ या ठरावीक अंकापासून सुरू होणाऱ्या सोप्या सांकेतिक पद्धतीने झाकलेला असे. पासवर्डची विचारणाच नसल्याने त्याच वाय-फायवरील कोणालाही प्लग चालवता येत असे.

सुरक्षेच्या दृष्टीने ही उणीव होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मात्र तिच्यामुळे वाट मिळाली. ‘पायएचएस१००’ आणि पुढे ‘पायथॉन-कासा’ ही मुक्तस्रोत लायब्ररी याच माहितीच्या आधारे उभी राहिली. तिच्या साहाय्याने प्रोग्रॅम आधी नेटवर्कवरील प्लग शोधतो, त्याची सद्यस्थिती मागवतो आणि मग चालू किंवा बंद करण्याची आज्ञा देतो. स्थिती नव्याने मागवल्याशिवाय वाचलेला आकडा जुना असू शकतो. ही लायब्ररी असिंक्रोनस पद्धतीची असल्याने एका प्लगच्या उत्तराची वाट पाहताना इतर प्लगचे काम थांबत नाही.

नोंदींचा उपयोग

दर मिनिटाला आलेला वॅटचा आकडा वेळेसह फाइलमध्ये साठवला, की वापराचे चित्र स्पष्ट होते. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट. बंद दिसणारे एखादे उपकरण सतत १० वॅट घेत असेल, तर ३० दिवसांत ७.२ युनिट खर्च होतात. असे आकडे समोर आल्यावर कोणते उपकरण रात्री बंद ठेवावे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

वाट बंद होते तेव्हा

२०२० च्या अखेरीस ब्रिटनमधील काही एचएस१०० आणि एचएस११० प्लगच्या फर्मवेअर सुधारणेने ९९९९ पोर्ट बंद केले. पायथॉनमध्येच लिहिलेल्या ‘होम असिस्टंट’ या मुक्तस्रोत प्रणालीशी असलेली अनेकांची जोडणी त्यामुळे तुटली. प्लग आणि प्रोग्रॅम तेच होते. बदल झाला तो दूरवरून. पुढे कंपनीने अधिक सुरक्षित पद्धत आणली. पायथॉन-कासा तिलाही साथ देते. मात्र त्यासाठी घरातल्या घरात आज्ञा देतानाही बहुधा कंपनीच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड द्यावा लागतो.

घ्यावयाची काळजी

हा पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात न लिहिता वेगळा सुरक्षित ठेवावा. प्लगसाठी राउटरवर वेगळे नेटवर्क असावे आणि प्लगचे पोर्ट इंटरनेटला खुले करू नये. वापराच्या नोंदीवरून घरात माणसे कधी असतात आणि कधी नसतात हे कळू शकते. म्हणून त्या नोंदीही जपाव्यात.

विजेचे नियम प्रोग्रॅमने बदलत नाहीत. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवणे धोक्याचे आहे. इस्त्री किंवा हीटर घरात कोणी नसताना प्रोग्रॅमच्या भरवशावर सुरू करू नये. दुरुस्तीच्या वेळी रिले बंद असणे पुरेसे नाही. उपकरण सॉकेटमधून काढलेच पाहिजे.

खरेदीपूर्वी

कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्सने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक जाहीर केले. त्यात उपकरणांचे नियंत्रण घरच्या नेटवर्कवरूनच होते. मे २०२४ मधील १.३ आवृत्तीत वीजमापनाचीही तरतूद झाली. प्लग घेताना किमतीबरोबर एक प्रश्न विचारणे हिताचे ठरते : इंटरनेट बंद असताना हा प्लग घरातील संगणकाची आज्ञा ऐकेल का?