वेगळी खोली आणि वेगळी हवा

साथीच्या रोग्याला वेगळे ठेवावे, हे आपल्याकडे कोणी नव्याने शिकवायला नको. देवी आलेल्या मुलाला निराळे निजवीत व दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधीत. प्लेगाच्या सालात गावेच्या गावे घरे टाकून शेतात झोपड्यांत राहिली. परंतु वेगळे ठेवायचे म्हणजे नेमके काय वेगळे करायचे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वैद्यकशास्त्रही त्याच्यापाशी शंभर वर्षे अडखळत आलेले आहे.

१८९७ चे पुणे घ्या. सोजिरांनी घरे धुंडाळली, रोगी इस्पितळात व घरची माणसे छावणीत नेली. त्यातून उसळलेला संताप व २२ जूनचा रँडचा प्रसंग सर्वांस ठाऊकच आहे. पण गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवितात, असे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने मांडले ते १८९८ साली. आणि तेही पुष्कळांनी बरीच वर्षे मनावर घेतले नाही. माणूस छावणीत गेला, पिसू घरातच राहिली. शेतात झोपड्या घालणारे आपले पूर्वज उंदीर मागे टाकून गेले होते. त्यांना कारण ठाऊक नव्हते, पण उपाय बरोबर होता!

क्षयाची गोष्ट याहून अवघड. १८८२ मध्ये कॉखने त्याचा जंतू दाखविला. पुढे पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला आरोग्यधामे निघाली. मोकळी हवा हे तेथले मोठे औषध मानले जाई, ते रोग्यासाठी. त्याच हवेतून दुसऱ्याला रोग कसा लागतो, याचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला. १९३४ मध्ये वेल्स या अमेरिकन संशोधकाने सांगितले की खोकल्यातले मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब वाळून त्यांचे कण तासन् तास तरंगत राहतात. पुढे रायली व वेल्स यांनी बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळाने वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांचा रोग्यांशी दुसरा काही संबंध नव्हता. तरी त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील किरणांतून नेली, तेव्हा दुसऱ्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले.

आता वेगळी खोली असूनही काय घडते ते पाहा. जानेवारी १९७० मध्ये जर्मनीतील मेशेडे गावी पाकिस्तानातून परतलेला एक तरुण रुग्णालयात तळमजल्यावर वेगळा ठेवला होता. तो खोलीबाहेर आला नाही. तरीही वरच्या मजल्यांवरच्या माणसांना देवी निघाल्या. एकूण वीस जणांना रोग झाला, चौघे दगावले. मागाहून त्या खोलीत धूर करून पाहिला, तर तो जिन्यातून आणि खिडकीबाहेर भिंतीलगत वर चढून वरच्या खोल्यांत शिरला. दार बंद होते, हवा मोकळी होती.

म्हणून आजच्या अलगीकरण खोलीत पंख्याने बाहेर ओढली जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवतात. मग दाराच्या फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. तासाला बारा वेळा खोलीची हवा बदलावी, असा दंडक आहे. परीक्षा अगदी साधी: दार लावून बाहेरून फटीशी धूर धरावा, तो आत ओढला गेला पाहिजे. चुलीचा धूर माळवदाच्या भोकाकडे कसा वळतो हे पाहत वाढलेल्या आपल्या आजीला हे समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

पण अशी यंत्रे विजेवर चालतात, आणि त्यांची निगा ठेवणारा माणूस लागतो. आमच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी हा विचार आधी करावा लागतो. येथे २००७ साली प्रसिद्ध झालेली पेरू देशातील लिमा शहराची पाहणी फार उपयोगी आहे. तेथल्या आठ रुग्णालयांत दारेखिडक्या उघडल्या की तासाला सुमारे २८ वेळा हवा बदलत होती. उंच छताच्या जुन्या इमारतींत ४०, नव्यांत १७. वारा पडला की ही व्यवस्था मंदावते, हेही खरे. आणि मेशेडेची खिडकी विसरून चालत नाही. बाहेर जाणारी हवा कोणाच्या खिडकीत जाते, हे इमारत बांधण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोना हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर सांगितले. पुढच्या वर्षी तिला ते बदलावे लागले. तोवर आपण पृष्ठभाग पुसत होतो, आलेले सामान धूत होतो. त्या दिवसांत कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घडले नाही. ती ताटातूट सगळीच टाळता आली असती, असे आम्ही म्हणत नाही. पण हवेचा हिशेब आधी झाला असता, तर काही दारे थोडी उघडी ठेवता आली असती, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे रोग्याच्या उशाशी घरचे माणूस बसणारच. थंडीच्या रात्री गारठा बाधू नये म्हणून ते पहिल्यांदा उठून खिडकी लावते, आणि फेरीला आलेली परिचारिका ती पुन्हा उघडते. त्या दोघांत रोज रात्री हा तंटा चालतो. आणि हवा बदलली नाही तर धोका त्या दोघांनाच असतो.