उद्योगांचे जनरल रजिस्टर

शाळेतले जनरल रजिस्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. मूल दाखल झाले की त्याला एक क्रमांक मिळतो. शाळा सोडली की तारीख आणि कारण यांची नोंद होते, पण तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. देशातील दुकाने, कारखाने, कंपन्या यांचेही असे एकच रजिस्टर असावे, ही अपेक्षा साधी वाटते. प्रत्यक्षात ते तयार करण्याची आपली खटपट पाऊणशे वर्षांची आहे.

त्याची गरज काय? सर्व उद्योगांकडे दरवर्षी जाऊन माहिती विचारणे परवडत नाही, म्हणून नमुना निवडतात. नमुना काढायचा तर आधी यादी हवी. एखादा कारखाना यादीत नसेल, तर तो नमुन्यात कधीच येणार नाही. दोनदा असेल, तर निवड होण्याची त्याची संधी वाढेल. बंद पडलेला असेल, तर पाहणी करणारा दाराचे कुलूप पाहून परत येईल.

भारतात १९४२ साली औद्योगिक सांख्यिकी कायदा झाला आणि १९४६ पासून कारखान्यांची गणना सुरू झाली. १९५९ मध्ये तिची जागा वार्षिक उद्योग पाहणीने घेतली. या पाहणीची यादी मुख्यतः कारखाना निरीक्षकांच्या दप्तरातून येई. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० आणि विजेविना चालणाऱ्यासाठी २० कामगारांची मर्यादा होती. म्हणजे नऊ माणसांचा यंत्रमाग कारखाना यादीबाहेर! कायदा कामगारांच्या सुरक्षिततेसाठी केलेला. मोजणीला तो आयता मिळाला, त्याच्या भोकांसकट.

यादीबाहेरचे हे जग मोजण्यासाठी १९७७ साली पहिली आर्थिक गणना झाली. निदान एक पगारी माणूस असलेल्या बिगरशेती आस्थापनाच तिने घेतल्या. नवरा-बायकोने चालवलेले किराणा दुकान सुटले. १९८० च्या दुसऱ्या गणनेत तेही आले. ही गणना १९८१ च्या जनगणनेच्या घरयादीला जोडलेली होती. दारोदार फिरणाऱ्यांत प्राथमिक शिक्षक मोठ्या संख्येने होते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २०१३-१४ च्या सहाव्या गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना आढळल्या. त्यांपैकी ६१ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. क्रम उत्तर प्रदेशानंतर दुसरा.

पण गणना म्हणजे छायाचित्र. दुसऱ्याच दिवशी कुठे नवे दुकान उघडते, कुठे शटर कायमचे खाली येते. रजिस्टर मात्र रोज लिहावे लागते. फ्रान्सने १९७३ साली ते करून दाखवले. तिथे प्रत्येक उद्योगाला नऊ अंकी क्रमांक, आणि त्याच्या प्रत्येक शाखेला त्यावर पाच अंक जोडून चौदा अंकी क्रमांक मिळतो.

आपल्याकडे मात्र रजिस्टरे अनेक. कंपन्यांचे निबंधक वेगळे, सहकारी संस्थांचे वेगळे, दुकानांची नोंद आणखी तिसरीकडे. एकाच उद्योगाचे नाव तिन्हीकडे वेगवेगळ्या रीतीने लिहिलेले असू शकते. शिवाय कायदा बदलला की यादीही बदलते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे पुरेसे ठरवले. दुकानदाराची त्यात सोय झाली. मोजणाऱ्याची झाली असे आम्हांला वाटत नाही.

याचा परिणाम थेट राष्ट्रीय उत्पन्नावर होतो. २०१५ मध्ये उत्पन्नाची नवी मालिका आली, तेव्हा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची माहिती वापरण्यात आली. ज्या कंपन्यांनी हिशेब सादर केले नव्हते, त्यांच्यासाठी भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात आकडे वाढवून घेतले गेले. मग २०१६-१७ मध्ये सेवा उद्योगांची नमुना पाहणी झाली. तिचा अहवाल २०१९ साली आला. या यादीतून निवडलेल्या कंपन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एक तर सापडल्या नाहीत, नाही तर पाहणीच्या कक्षेबाहेरच्या निघाल्या. उत्पन्नाच्या आकड्यांवर याचा परिणाम नाही, असे सरकारने सांगितले. अनेक अर्थतज्ज्ञांना ते पटले नाही.

कक्षेबाहेरच्या कशा निघाल्या, याचा एक धागा कंपनीच्या क्रमांकातच आहे. त्यातील २१ अक्षर-अंकांपैकी पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात. ते नोंदणीच्या वेळी मिळतात. पुढे कंपनीने धंदा बदलला आणि तसे कळवले नाही, तर क्रमांकात जुनाच धंदा राहतो.