हार्ड डिस्कवरचा धुरा

तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तुमच्या हातात आत्ता लिनक्स चालू आहे. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सचाच. २००८ पासून तो लोकांच्या खिशात जाऊन बसला आणि त्याने कुणाला काही विचारलं नाही. पण त्याच्या आधी आमच्या भागात लिनक्स असं गुपचूप आलं नव्हतं. ते आलं विंडोजच्या शेजारी, घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर, घरच्यांचा जीव टांगणीला लावून. मी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची. तिथून हा इतिहास कसा दिसला, ते सांगते.

मुळात एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदू शकतात, हे कुणी मुद्दाम दिलेलं वरदान नव्हतं. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला. मशीन सुरू झालं की त्यातला बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचायचा आणि तिथे जो प्रोग्रॅम असेल त्याच्या हाती कारभार सोपवायचा. तो प्रोग्रॅम कोणत्या कंपनीचा, हे तो विचारत नसे. पुढे हार्ड डिस्क आल्या, तेव्हा त्याच तुकड्यात डिस्कचे चार मुख्य हिस्से नोंदवायची सोय झाली. दार उघडं राहिलं होतं एवढंच.

त्या दारातून हेलसिंकीचा एक विद्यार्थी आत आला. लिनस टॉरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं की आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत, हौस म्हणून. त्याच्या पीसीवर तेव्हा मिनिक्स नावाची दुसरी सिस्टिम होती आणि सुरुवातीचं लिनक्स तिच्याच आधाराने उभं राहायचं. म्हणजे लिनक्सचा जन्मच दुसऱ्याच्या शेजारी झाला. १९९२ मध्ये त्याने ते जीपीएल या परवान्याखाली आणलं. रिचर्ड स्टॉलमनने १९८९ मध्ये लिहिलेला हा परवाना सांगतो : वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, फक्त पुढच्यालाही हेच हक्क द्या.

हे सगळं हिंगणघाटपर्यंत पोहोचायचं कसं? एका सीडीत ७०० एमबी मावतात. ५६ केबीपीएसच्या डायलअप मोडेमवर तेवढं उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, जवळपास २८ तास लागतात. फोनचं बिल वेगळं. त्यामुळे आमच्याकडे लिनक्स इंटरनेटवरून आलंच नाही, ते कागदातून आलं. कॉम्प्युटरच्या इंग्रजी मासिकांबरोबर सीडी यायच्या. ‘पीसी क्वेस्ट’ने नव्वदच्या दशकापासून लिनक्सच्या सीडी वाटल्या, आणि २००३ मध्ये दिल्लीहून ‘लिनक्स फॉर यू’ हे खास मासिकच सुरू झालं. मग ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. नाव-पत्ता कळवला की ते लोक परदेशातून सीडी फुकट पाठवायचे, टपालखर्चही त्यांचाच. ही योजना २०११ पर्यंत चालली. २००६ मध्ये पोस्टमनकाकांनी आमच्या घरी असं एक पाकीट आणून दिलं. आत ६.०६ या आवृत्तीच्या सीडी होत्या.

आता फुकटची गोष्ट. लिनक्स फुकट मिळतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणून सांगितला जायचा. आमच्याकडे या गुणाला काडीची किंमत नव्हती. आमचा पीसी जोडून देणारा दुकानदार बाबांना म्हणाला होता, “काकाजी, विंडोज टाकून देतो, त्याचे काही वेगळे पैसे नाही.” बहुतेक घरांत हेच होतं. लिनक्सची लढत विकतच्या विंडोजशी नव्हती, फुकटच्या विंडोजशी होती. मग लोकांनी ते का लावून पाहिलं? माझ्यापुरतं सांगायचं तर एकच कारण. चोरून आणलेल्या वस्तूबद्दल कुणाला प्रश्न विचारता येत नाहीत. बिघडलं की पुसायचं आणि परत टाकायचं. लिनक्सबरोबर मात्र प्रश्न विचारायची परवानगी आली होती. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्याने या मंडळींना सतत खुलासा करावा लागतो. मराठीत तो घोळ नाही, दोन शब्द आहेत. पण वस्तू जर आधीच फुकट असेल, तर मुक्त म्हणजे काय हे समजावून सांगणं आपल्यालाही सोपं नव्हतं.

इन्स्टॉल करायची वेळ आली तेव्हा खरा प्रश्न वाटणीचा होता. बाकी महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून भावाभावांत काय होतं हे वेगळं सांगायला नको. चाळीस जीबीच्या डिस्कवर धुरा घालायचा होता. एका बाजूला बाबांच्या फायली : शेतीचा हिशोब, सोसायटीचे अर्ज, ओळखीच्यांच्या लग्नपत्रिका. बाबांनी एकच विचारलं, “माझं काही जाणार तर नाही ना?” मी त्यांच्या फायली आधी दोन सीडींवर उतरवल्या, डी ड्राइव्ह रिकामा केला आणि भारनियमनाची वेळ टळल्यावरच बसले. धुरा सरकत असताना वीज गेली, तर पीक दोघांचंही जाणार. यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा.

झालं ते नीट झालं. दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर एक यादी यायची : वर लिनक्स, खाली विंडोज. काही सेकंदांत निवडायचं. ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ग्रब. तो विंडोजला आपल्या यादीत जागा देतो. विंडोज परत टाकलं, तर ते मात्र त्या पहिल्या तुकड्यावर स्वतःचंच नाव लिहून मोकळं व्हायचं. आणि पेन ड्राइव्हमधल्या व्हायरसांमुळे विंडोज परत टाकणं हे दर काही महिन्यांनी घरोघरी चालायचं. कितीतरी जणांचं लिनक्स असं डिस्कवर असूनही दिसेनासं झालं.

अडचणी लिनक्सच्याही होत्या. पीसीच्या आत बसवलेले स्वस्त मोडेम त्याला बहुधा ओळखू येत नसत. म्हणजे लिनक्समध्ये इंटरनेट का चालत नाही, हे शोधायला विंडोजमध्ये जाऊन इंटरनेट लावायचं, उत्तर कागदावर लिहून घ्यायचं आणि परत यायचं. दोन सिस्टिम शेजारी असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच होता.

पण एका बाबतीत लिनक्स मला थेट घरचं वाटलं, ती म्हणजे मराठी. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनलमध्ये एक खूण करावी लागे आणि मग ते मूळ सीडी मागायचं. फुकटच्या विंडोजवाल्यांकडे ती कुठून असणार? म्हणून मराठी जुन्या फॉण्टांमध्येच अडकली. त्या फॉण्टांत ‘क’ हा मुळात ‘क’ नसतोच, इंग्रजी अक्षराला दिलेला मुखवटा असतो; फॉण्ट काढला की सगळी गिचमीड. लिनक्सच्या बाजूला २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित नावाचे युनिकोड फॉण्ट जीपीएलखाली खुले केले, आणि गनोम, केडीई या डेस्कटॉपांचे मेनू स्वयंसेवक मराठीत आणत होते. मी भाषा बदलून पाहिली तेव्हा अर्धे मेनू मराठीत आले, अर्धे इंग्रजीतच राहिले. अर्धवट होतं, पण उरलेलं अर्धं आपणही करू शकतो, हे त्यात दिसत होतं.

तरीही महाराष्ट्रात ही लाट का पसरली नाही? एक कारण शिक्षणात आहे. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं, गावागावांत केंद्रं उघडली, लाखो लोकांनी पहिल्यांदा माउस धरला. हे मोठं काम होतं. पण तिथे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणं. केरळने त्याच दशकात आपल्या सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. तिथल्या मुलांना ते वेगळं वाटलं नाही, कारण त्यांच्यासाठी तेच पहिलं होतं.

वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. १९३८ मध्ये गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. शाळेच्या सहलीत तिथले चरखे आपण पाहतो आणि पुढे जातो. पण १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. साध्या झोपडीत चालला पाहिजे. देशात बनवल्यास किंमत १५० रुपयांवर जायला नको. आणि वेळच्या वेळी देखभाल केली, तर निदान २० वर्षं चालला पाहिजे. चरखा आणि लिनक्स एकच, असं मी म्हणणार नाही. चरखा गावचा सुतार दुरुस्त करतो. लिनक्सचा कोड मला वाचता येत नाही. पण अवजार किती वर्षं चालावं हे वापरणाऱ्याच्या गरजेवरून ठरावं, हा विचार आमच्या जिल्ह्याला नवा नाही.

तो आज का आठवावा? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर. घरचा आताचा पीसी २०१६ चा. त्याला काहीही झालेलं नाही, तो फक्त यादीत बसत नाही. म्हणून परत एकदा धुरा घातला. लिनक्सच्या बाजूला बँक, मेल, इंटरनेट. विंडोजच्या बाजूला, नेट बंद करून, बाबांच्या जुन्या फॉण्टमधल्या फायली. त्या अजून दुसरीकडे नीट उघडत नाहीत. वीस वर्षांपूर्वी लिनक्स पाहुणं होतं. आता विंडोज जुन्या कागदपत्रांची खोली झाली आहे.

दार मात्र पूर्वीइतकं उघडं राहिलेलं नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. पीसी आता सही असलेलाच प्रोग्रॅम सुरू करतो. मोठी लिनक्सं त्यातून जातात, पण मायक्रोसॉफ्टची सही घेऊन. फोनमध्ये तर बहुतेक वेळा दाराला कुलूपच असतं. आत लिनक्स आहे, पण सुरू करताना ती काळी यादी येत नाही, कारण निवड कंपनीने आधीच केलेली असते.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो विकायच्या आधी एक पेन ड्राइव्ह घ्या आणि त्यावरून लिनक्स नुसतं चालवून पाहा. इन्स्टॉल म्हणत नाही, तोवर डिस्कवर ओरखडाही उठत नाही. आवडलं आणि धुरा घालायचं ठरलं, तर आधी घरच्यांच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवा. वीज कधी जाते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.