आंबील, ताक आणि लेकरांचं पोट

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर ओस पडतं. स्थानिक सुट्टी असते, बाजार बंद असतो आणि जो तो शेताच्या वाटेला लागलेला असतो. पंचांगातली ही वेळ अमावस्या आम्हा लातूरकरांची येळवस. सीमेपलीकडे बीदरकडे हीच एळ्ळ अमावास्या. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या भांड्यातली गार आंबील.

अलीकडे या दिवसांत आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येतोच: आंबील हे आपलं देशी प्रोबायोटिक, लेकरांना पाजा, पोटाची सगळी दुखणी पळतील. माझं आजोळ नांदेडचं, घर लातूरचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. कुणी काही 'चालतं' म्हटलं की ते कसं चालतं हे उघडून बघायची खोड नोकरीनेच लावली. म्हणून आंबीलही उघडून बघितली.

ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, गार झाल्यावर वरून ताक, लसूण, जिरं, मीठ. घरोघरी थोडाफार फरक असतो. पण पीठ शिजलं की ते आंबवणारे जिवाणू मरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 साली केलेली प्रोबायोटिकची व्याख्या सांगते: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात दिले तर शरीराला फायदा करणारे. वरून घातलेल्या ताकात जिवंत जिवाणू असतात खरे, पण कोणते आणि किती, हे दर घरी वेगळं. म्हणजे व्याख्येला धरून आंबीलीला प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

मग आंबवण्याचा खटाटोप कशाला? उत्तर ज्वारीत आहे. 1981 साली पेरूमधल्या लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्वारीच्या लापशीतलं निम्म्याहून कमी प्रथिन त्या मुलांच्या अंगी लागत होतं. गहू, मका, तांदूळ बरेच पुढे होते. ज्वारीचं प्रथिन पाण्यात शिजलं की पचायला जड होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या जॉन ॲक्स्टेल यांच्या गटाने दाखवलं, की सुदानमधल्या बायका ज्वारी आंबवून 'किस्रा' नावाची पातळ भाकरी करतात, तेव्हा ही अडचण बरीच कमी होते. शिवाय आंबवल्याने धान्यातलं लोह आणि जस्त अडवून ठेवणारं फायटेटही घटतं. जिवाणू चुलीवर मरतात, पण रात्रभर केलेलं काम मागे ठेवून जातात.

जिवाणू आणि लेकरांचं पोट हे नातं विज्ञानाला उशिरा कळलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए यांनी 1899 च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये बिफिडोबॅक्टेरिया शोधले आणि जुलाब झालेल्या मुलांना ते द्यावेत असं पुढे सुचवलं. तिथलेच एली मेचनिकॉव्ह आंबट दुधाचे प्रचारक झाले. 1908 चं नोबेल त्यांना मिळालं, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.

आपल्याकडे याची नोंद प्रयोगशाळेत नाही, म्हणीत आहे. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं.' ही म्हण तयार व्हायला गावात ताक मागायला जाणारी माणसं असावी लागतात, आणि मागायची लाज वाटावी लागते. ज्याच्या दारात दुभतं, त्याच्या घरी ताक. बाकीच्यांची लेकरं भांडं घेऊन त्याच्या दारात. मूठभर पीठ, भरपूर पाणी आणि मागून आणलेलं ताक यांत घरभर पोटं भागवणारी आंबील ही गरिबाची सोय होती. 'आपल्या पूर्वजांचं सुपरफूड' म्हणताना ही लाज आपण सोयीने गाळतो.

पुढे दूध डेअरीला जायला लागलं आणि घरातली रवी थांबली. लातूर-नांदेडच्या खरिपात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळाला. आंबीलीला कुणी खोटं ठरवलं नाही. तिला लागणारं पीठ आणि ताक घरातून गेलं. रोजचा पदार्थ वर्षातून एकदाचा झाला.

तरी मेसेजमधल्या 'सगळी दुखणी' या शब्दांना मी अडणारच. 2017 साली पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ओडिशातल्या गावांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांना एक निवडून काढलेला जिवाणू त्याच्या खाद्यासह दिला. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. पण 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब-उलट्या झालेल्या मुलांना प्रोबायोटिकचा उपयोग दिसला नाही. जिवाणू कोणता, मूल केवढं, आजार कोणता, यावर सगळं ठरतं.

म्हणून जुलाब लागलेल्या लेकराला आधी ओआरएस, सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. 1971 च्या निर्वासित छावणीत, बनगावला, दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतर, पोट ठीक असताना, ज्वारी खाणाऱ्या घरात ती आंबवून, नीट शिजवून लेकराला भरवायला काय हरकत आहे? औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून. गरिबांच्या चुलीने आंबीलीला तेवढंच काम दिलं होतं, आणि ते तिने चोख केलं.