इंग्रजी फ्रेझल व्हर्ब

मूळ क्रियापद आणि त्याला जोडून येणारे 'अप', 'ऑफ', 'इन्टू' यांसारखे अव्यय मिळून एकच अर्थ व्यक्त करणाऱ्या इंग्रजीतील रचनेस फ्रेझल व्हर्ब असे म्हणतात. 'गिव्ह' म्हणजे देणे व 'अप' म्हणजे वर. परंतु 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे किंवा हार मानणे.

इतिहास

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, अशा रचना परभाषकांना अत्यंत अवघड जातात असे नमूद केले आहे. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 'वर्ड्स अँड इडियम्स' या १९२५ सालच्या ग्रंथात वापरली. ती त्यांना कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती.

वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

एकाच शब्दजोडीतून वाच्यार्थ व लक्ष्यार्थ असे दोन्ही अर्थ निघू शकतात. 'रन अप अ हिल' म्हणजे टेकडीवर धावत चढणे, तर 'रन अप अ बिल' म्हणजे उधारी वाढवून ठेवणे. 'रन इन्टू द हाउस' म्हणजे घरात धावत शिरणे, तर 'रन इन्टू अ फ्रेंड' म्हणजे मित्राची अचानक गाठ पडणे.

रचनेची कसोटी

कर्माच्या जागी सर्वनाम घातल्यास रचनेतील भेद दिसतो. धुराड्यातून वर पाहणे या अर्थी 'लुक अप इट' असे म्हणतात. कोशात शब्द शोधणे या अर्थी मात्र 'लुक इट अप' असेच म्हणावे लागते. तथापि ही कसोटी रचनेची आहे, अर्थाची नव्हे. 'टेक ऑफ' म्हणजे अंगावरील वस्तू काढणे. येथे अर्थ सरळ असूनही सर्वनाम मध्येच येते व 'टेक इट ऑफ' असे म्हणतात. उलट 'कम अक्रॉस' म्हणजे सहज आढळणे. येथे लक्ष्यार्थ असूनही सर्वनाम शेवटीच राहते. त्यामुळे अर्थाचा अंतिम निर्णय संदर्भावरूनच करावा लागतो.

मराठीशी तुलना

मराठीतही वाक्प्रचारांत असा दुहेरी अर्थ आढळतो. जेवणापूर्वी 'हात धुवून घेणे' ही साधी क्रिया आहे. दुसऱ्याच्या अडचणीत 'हात धुवून घेणे' म्हणजे स्वतःचा लाभ साधणे. मात्र मराठी वाक्प्रचारात बहुधा नाम व क्रियापद यांची जोडी असते, तर फ्रेझल व्हर्बमध्ये एखादे लहानसे अव्यय अर्थ पालटते. म्हणून अशा रचनांचा शब्दशः अनुवाद करू नये. संपूर्ण रचना एकच शब्द मानून तिचा अर्थ कोशात पाहावा.