तारेवरील तोफखाना

तोफेचा गोळा कोठे पडेल, हा संगणकाच्या जन्मकाळचाच प्रश्न होय. १९४५ साली पूर्ण झालेले एनिअ‍ॅक यंत्र अमेरिकी लष्कराने तोफमाऱ्याच्या कोष्टकांसाठी बांधविले होते. त्याच गणिताचा खेळ पुढे बुलेटिन बोर्डांवर रुळला, त्याचे कारण मात्र गणितापेक्षा दूरध्वनीच्या तारेत शोधावयास हवे.

वॉर्ड क्रिस्टेन्सेन व रँडी स्यूस ह्यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे असा पहिला बोर्ड सुरू केला. तार एकच, म्हणून एका वेळी प्रवेश एकासच; वेग सेकंदास सुमारे ३० अक्षरांचा. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरावयास मिनिटाहून अधिक वेळ लागे. चित्राची चैन परवडणारी नव्हती. तोफांच्या खेळास ती नकोच होती: खेळाडूने कोन व दारूचे माप असे दोन आकडे द्यावे, गोळा किती चुकला हे एका ओळीत कळावे.

पुढील काळात बोर्डास जोडलेल्या अशा स्वतंत्र खेळास ‘दार’ म्हणू लागले. परिभाषा समितीस सहसा न सुचणारा नेमका शब्द! बोर्डाची आज्ञावली आलेल्याचे नाव व त्याची उरलेली मिनिटे एका लहानशा फाइलीत लिहून बाजूस होई. खेळ ती वाचून सुरू होई व संपताच सूत्रे परत करी. दोघांचा सामना व्हावयाचा तर डाव चकतीवर जपून ठेवणे भाग होते. एकाने आज गोळा डागावा, दुसऱ्याने तार मोकळी मिळेल तेव्हा, कदाचित उद्या, उत्तर द्यावे.