फॉलिक आम्ल : चयापचय

फॉलिक आम्ल हे फोलेट (ब९ जीवनसत्त्व) याचे कृत्रिम रूप असून ते शरीरात जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर दोन टप्प्यांत त्याचे टेट्राहायड्रोफोलेटमध्ये क्षपण करते. हे सक्रिय रूप डीएनएच्या घडणीसाठी एक-कार्बनी गट पुरवते. त्याच्या अभावी रक्तपेशींचे विभाजन मंदावते. पेशी मोठ्या व अपक्व राहून रक्तक्षय होतो.

मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधील अशा रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे ल्युसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

ब१२ जीवनसत्त्व कमी असल्यास फोलेट मिथिल रूपात अडकून पडते. अशा वेळी केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.